लाल दोऱ्यांची उशी

लोणावळ्यात कुठल्याही हॉटेलात गेले की माझा हात आधी सोफ्यावर फिरतो. बसायचं नंतर. उशीची चेन उघडायची, कापडाची उलटी बाजू बघायची, मग उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे. परवा भाचीच्या साखरपुड्यात हेच चाललं होतं, तर वेटर धावत आला आणि काही हरवलंय का म्हणून विचारायला लागला. नवऱ्यानं त्याला सांगितलं, हिचं नेहमीचं आहे, तुम्ही चहा आणा. भाचीच्या होणाऱ्या सासरची माणसं बघत होती, बघू देत. ते कापड आमच्या कंपनीचं होतं, मी दारातूनच ओळखलं. आणि आमच्या कंपनीचं जुनं कापड म्हणजे त्यात कुठेतरी मावशीची सुई फिरलेली असणार. ती जागा मी शोधते. आजवर एकदाही सापडलेली नाही.

कान्हे स्टेशनावर उतरून वीस मिनिटं चाललं की आमची कंपनी. सोफ्याचं, खुर्च्यांचं जाड कापड विणायची. मी तिथे लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बारावी झालेली, बी.कॉम. बाहेरून करत होते आणि तोंड फार चालायचं. पहिल्याच आठवड्यात मागांच्या खात्यातल्या सुपरवायझरशी माझं वाजलं. चूक त्याची होती, आजही मी तेच म्हणेन. पण त्यानं मला उचलून मागच्या बाजूच्या मेंडिंगच्या टेबलावर पाठवलं. तिथे सगळ्या बायकाच आहेत, म्हणाला, काय भांडायचं ते तिथे भांड.

मेंडिंग म्हणजे कापडाची दुरुस्ती. मागावर विणताना एखादा धागा तुटतो, कापडात केसाएवढी रेघ राहते. आधी चेकर कापडाचा अख्खा तागा दिव्याच्या काचेवरून सरकवत नेतो आणि जिथे चूक दिसेल तिथे काठाला एक वीतभर लाल दोरा बांधतो. मग तागा आमच्या टेबलावर. आम्ही लाल दोरा बघायचा, त्याच्या सरळ रेषेत बोटं फिरवत जायचं, चूक सापडली की उलट्या बाजूनं सुई घालून गेलेला धागा पुन्हा विणायचा. एकाखालून, एकावरून, मूळ विणीची जी चाल असेल तीच चाल. झालं की काठाचा लाल दोरा तोडून टाकायचा.

टाकायचा, असं आम्ही बाकीच्या. मावशी टाकायची नाही.

मावशी म्हणजे टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. माझी नात्यातली नव्हे, सगळी कंपनीच तिला मावशी म्हणायची. पहिल्या दिवशी मी अहो-जाहो केलं तर सुई खाली ठेवून बघतच राहिली. मला परकी करायला आलीस का, म्हणाली. तेव्हापासून अगं-तुगं. ती टाकव्याच्या अलीकडची, आमच्यासारखीच बौद्धवाड्यातली. आमची गावं वेगळी, पण पौर्णिमेला विहारात गाठ पडायची. चाळिशीत, त्याच विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. वाचताना अक्षराखाली बोट धरायची, चूक शोधताना कापडावर धरायची तसंच.

टेबलावर आम्ही सहाजणी. आम्ही दोघी वाड्यातल्या, बाकी चौघी गावातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या. सुरुवातीला जेवणाचे डबे वेगळे बसायचे. दिवसभर एकाच कापडाला सहा जणींचे हात, आणि दुपारी डबे मात्र दोन टोकांना! माझ्या डोक्यात तिडीक जायची. मावशी मात्र कधी काही बोलली नाही. एक दिवस तिनं बोंबलाची चटणी आणली. झाकण उघडल्याबरोबर वास टेबलभर गेला आणि पलीकडच्या टोकाची एक बाई मान न वळवता म्हणाली, जरा इकडे द्या. दुसऱ्या दिवशी डबे मधे आले. मला वाटतं ती चटणी मावशीनं मुद्दाम आणली होती, पण तिनं ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

तर ते लाल दोरे. मावशीच्या कमरेला एक छोटी पिशवी असायची. प्रत्येक चूक मिटली की तिचा दोरा त्या पिशवीत. आमचेही दोरे ती मागून घ्यायची. घरी नेऊन त्यांची उशी भरायची. मऊ लोकरीसारखे धागे ते, वर्ष-दीड वर्षात एक उशी व्हायची. दोन मुलींच्या लग्नांत तिनं दोघींना एकेक उशी दिली, बाकीच्या वाड्यात वाटून टाकल्या आणि सगळ्यात पहिली भरलेली स्वतःला ठेवली. आम्ही चिडवायचो, मावशी दुसऱ्यांच्या चुका उशाला घेऊन झोपते. ती म्हणायची, "मग? झोप लागती चांगली. मिटलेल्या चुका हायेत त्या."

मला त्या टेबलाची फार आठवण येते. उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा तो सपाट उजेड, मागांचा पलीकडून येणारा धडधडाट, ज्यात आम्ही ओठांवरून एकमेकींचं बोलणं ओळखायचो, नव्या कापडाचा तेलकट वास. हात काम करत असायचे आणि तोंडं मोकळी. कोणाची सून, कोणाचा गुडघा, कोणाच्या खाचरात चिंबोऱ्या निघाल्या, सगळं त्या टेबलावर यायचं. आठ वर्षं मी तिथे बसले. भांडले मात्र एकदाही नाही.

रखडत रखडत बी.कॉम. झाल्यावर मला वर ऑफिसात घेतलं. मावशीनं पेढे वाटले, जसं काही तिच्याच घरचं कार्य. वर गेले आणि थोड्याच वर्षांत परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक आलं. त्यांना नुसतं कापड नको होतं. ते कापड विणताना किती पाणी गेलं, किती वीज, कचरा कुठे गेला, हे सगळं हवं होतं. दर वर्षी काहीतरी कमी करून दाखवायचं, आणि किती झालं ते सांगायचं. याला म्हणायचं सस्टेनेबिलिटी. आमच्या बायकांनी त्याचं दोन दिवसांत सष्टीबिल्टी करून टाकलं.

मी या गोष्टीची टिंगल करणार नाही. लहानपणी मी आमचा ओढा बघितलाय. रंगखात्याचं पाणी तेव्हा त्यात यायचं. शाळेत जाताना आम्ही पुलावर उभं राहून ओळखायचो, आज निळा सोफा, आज तपकिरी. आम्हाला मजा वाटायची, आई शिव्या घालायची, म्हशी तोंड लावायच्या नाहीत. पुढे कंपनीनं पाणी शुद्ध करून पुन्हा रंगखात्यातच वापरायला सुरुवात केली, आणि दोन-तीन वर्षांत ओढा पाण्याच्या रंगाचा झाला. पहिल्यांदा त्यात बारके मासे दिसले त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा गेले. साहेबांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. तेही बघायला आले. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेला धागा आला, छपरावर सोलर आलं. या सगळ्याचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

मग फाटकाजवळ मोठा फलक लावायचं ठरलं. मराठीत हवा म्हणाले, आणि मराठी म्हणजे मी. मी डोकं खाजवलं, सरकारी कागद चाळले आणि झोकात लिहिलं: ‘शाश्वत विकासाकडे आमची वाटचाल’. खाली उद्दिष्टं. पेंटरनं हिरव्या अक्षरात रंगवलं.

दुपारच्या सुट्टीत मावशी फलकापुढे उभी. बोट हवेत धरून एकेक अक्षर लावत होती. वाचून झाल्यावर मला विचारलं, हे कुणी लिवलंय. मी छाती काढून म्हटलं, मी. तर ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. पौर्णिमेला विहारात झोपा काढतेस का, म्हणाली. तिथे जन्मभर काय ऐकलं आपण? सगळं अनित्य आहे, जे आलं ते जाणार. आणि तू इथे शाश्वत रंगवून घेतलंस, तेही हिरव्या रंगात?

चारचौघांत माझा पोपट झाला. मी तणतणले, तो शब्द माझा नाही, सरकारी आहे, तुला दुसरा सुचत असेल तर सांग. तिनं लगेच सांगितला.

"पुरवून म्हन की. तेल पुरवतो, सरपन पुरवतो, लुगडं पुरवतो. टिकनार न्हाई ठावं असतं, म्हनून तर पुरवायचं. ह्यात शाश्वत कुटं आलं?"

मी वर जाऊन साहेबांना सांगितलं की ‘पुरवून वापरू’ असं काहीतरी लिहू. साहेब चांगले गृहस्थ, पण त्यांनी तोंड वाकडं केलं. घरात पीठ संपत आल्यासारखं वाटतं, म्हणाले. शाश्वत राहिलं.

आता माझी चूक सांगते.

दर महिन्याला मी एक तक्ता भरायचे. पाणी, वीज, धागा, कचरा. कचऱ्याच्या रकान्यात वाया गेलेलं कापड किती आणि त्यातलं पुन्हा वापरात किती गेलं ते यायचं. उर्से टोलनाक्याच्या बाजूला एका शेडमध्ये कापड फाडायचं यंत्र बसलं होतं. चुकीचं कापड तिथे जायचं, त्याचा कापूस व्हायचा, त्याचे गाद्यांखालचे थर व्हायचे. ते वजन तक्त्यात चढायचं आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. मग मेंडिंगच्या टेबलावर दुरुस्त झालेलं कापड? ते तर कचरा झालंच नव्हतं, चांगलं कापड म्हणून सोफ्यावर जाऊन बसलं होतं. त्याला तक्त्यात जागाच नव्हती. खात्यांच्या यादीत मेंडिंगचं नाव होतं, पण त्यापुढे काय लिहायचं मला कळेना, म्हणून मी आडवी रेघ मारली. पुढच्या महिन्यातही रेघ. दोन वर्षं मी ती रेघ ओढत राहिले, आणि मला, जी आठ वर्षं त्या टेबलावर बसली होती, त्यात काही खटकलं नाही.

एका बैठकीत साहेबांनी तो तक्ता पडद्यावर लावला. फाडणीचा आकडा चढता, मेंडिंगपुढे रेघ. निष्कर्ष कुणीही काढला असता. मेंडिंगचं टेबल बंद करू, चुकीचं सगळं कापड सरळ फाडायला पाठवू, पुन्हा वापराचा आकडा आणखी चढेल. बायकांना पॅकिंगला घेऊ, कोणाला काढायचं नाही. माझी जीभ एरवी आवरत नाही, आणि तेव्हा मी मान खाली घालून ते सगळं वहीत उतरवून घेत बसले. पॅकिंगला आठ तास उभं राहावं लागतं. मावशीचे दोन्ही गुडघे गेले होते, आणि निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. टेबल गेलं म्हणजे मावशी गेली. आणि तक्ता माझ्या हातचा होता.

रविवारी मी तिच्या घरी गेले. बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिच्या कानावर जायला नको होती. ओसरीवर ती पावटे सोलत बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, रेघेचंसुद्धा. तिनं सोलणं थांबवलं नाही. सोलता सोलताच विचारलं, "तू मारलीस रेघ?" मी मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला मी उत्तर देऊ शकते.

मग म्हणाली, "दीड वरीस ऱ्हायलंय. त्या टेबलावरनं मला माज्या दिवशी उठायचंय गं. कुनी उठवलेलं नगं."

एवढंच तिचं म्हणणं होतं. आयुष्यात तिनं कंपनीकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

परत निघताना माझी नजर आतल्या खाटेवर गेली. तिथे ती उशी होती. पहिली. मी पायात घातलेल्या चपला पुन्हा काढल्या. दोन वर्षांत तक्त्यात मला मेंडिंगचं एकही माप सापडलं नव्हतं, आणि इथे एकेका चुकीचा एकेक दोरा कोंबून भरलेला होता. मी म्हटलं, मावशी, ही मला चार दिवस दे. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या तपासणीच्या बाई येणार आहेत, त्यांना दाखवते. तिनं उशी दोन्ही हातांनी दाबून बघितली, अभ्रा सरळ केला आणि माझ्याकडे दिली. "फोडू नगंस मातर. पयली हाय ती."

तपासणीच्या बाई मुंबईहून आल्या. बारीक चणीच्या, हिंदीत आणि कमीच बोलणाऱ्या, सगळं लिहून घेणाऱ्या. बैठकीत मी उशी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, मेंडिंगपुढची रेघ माझी चूक आहे, हे बघा खरं काम. साहेबांनी हसून विषय संपवायचा प्रयत्न केला. ही उशी आहे, म्हणाले, पुरावा नाही. आत कापूस असला तरी आपल्याला काय कळणार?

माझं डोकं फिरलं. समोर नमुने कापायची कात्री होती. मी ती उचलली आणि उशी टराटरा फाडली. लाल दोरे टेबलभर झाले, काही साहेबांच्या चहात पडले. माझा हात थांबला तेव्हा मला मावशीचे शब्द आठवले. पण तोवर फाडून झालं होतं.

बाईंनी एक दोरा उचलला, त्याची गाठ बघितली. मग म्हणाल्या की दोरे खरे असतील, पण त्या जागी खरंच दुरुस्ती होते का हे कापडात बघायला हवं. आम्ही सगळे खाली चेकिंगच्या काचेपाशी गेलो. आदल्याच आठवड्यात मावशीनं नीट केलेला एक राखाडी तागा होता. चेकरच्या वहीत चूक कोणत्या मीटरवर होती तेही लिहिलेलं होतं. तो मीटर काचेवर आणला, मागे दिवा लावला. बाईंनी बघितलं, भिंग लावून बघितलं. साहेबांनी बघितलं. मी बघितलं. काही नाही. साहेब म्हणाले, वहीत चुकून लिहिलं असेल, इथे चूक नव्हतीच. शेवटी मावशीला बोलावलं.

ती आली ती ऑफिसच्या जिन्यावरून. निरोप नेणाऱ्या पोऱ्यानं तिला चुकून आधी वर पाठवलं होतं, त्यामुळे फाडलेली उशी तिनं बघितली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. चष्मा लावला, काचेवर वाकली आणि मधल्या बोटानं हळूहळू तो मीटर चाचपला, या काठापासून त्या काठापर्यंत. मग उलट्या बाजूनं. मग पुन्हा.  

"न्हाई सापडत," ती म्हणाली.

साहेबांनी हात पसरले. मावशी सरळ उभी राहिली, चष्मा काढला आणि त्या बाईंना म्हणाली, "बाई, सापडली असती, तर मग मी काय केलं?"

मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण बाईंना मराठी कळत होतं. त्यांनी वही मिटली. नंतर वरच्या खोलीत नाही, तिथेच, मागांच्या आवाजात, त्यांनी साहेबांना सांगितलं की फाडून पुन्हा करण्यापेक्षा मुळात वाया जाऊ न देणं हे वरचं काम आहे, आणि ज्या तक्त्यात त्याला जागा नाही तो तक्ताच चुकीचा आहे. तो तक्ता बदला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली. त्या महिन्यापासून मेंडिंगपुढे रकाना आला. टेबल राहिलं.

मी धावत वर गेले, उशी गोळा करायला. खोली लख्ख होती. साफसफाईच्या बाईनं सगळं उचललं होतं, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. खोलीच्या दारावर नियमांचा कागद होता: सुटा धागा, चिंध्या, काठ, सगळं निळ्या पिशवीत. तो कागद मीच लिहिला होता. निळ्या पिशव्यांची गाडी त्या दुपारी उर्स्याला गेली. मी फोन केला तोपर्यंत दोरे यंत्रातून निघाले होते. महिनाअखेरीला ते वजन आलं आणि मी माझ्याच हातानं ते ‘पुन्हा वापरात’ या रकान्यात मांडलं.

मावशीला जाऊन सांगितलं, उशी यंत्रात गेली. टेबलाच्या टोकाशी उभी राहून रडले, तीस माणसांच्या खात्यात, लाज सोडून. तिनं बाकावर सरकून मला जागा दिली. जुन्या जागी बसले. हातातली चूक मिटवली, दोरा पिशवीत टाकला.

"पुरली की," म्हणाली. "लय दिस पुरली ती उशी."

मी म्हटलं, मावशी, दोन शिव्या तरी दे. ती म्हणाली, त्या घरी देईन, इथे सगळ्या ऐकतायत. आणि कमरेच्या पिशवीतून एक सुई काढून माझ्या हातात ठेवली, जेवणाची सुट्टी होईपर्यंत हात लाव म्हणाली.

दीड वर्षानं ती त्या टेबलावरून उठली, तिच्या दिवशी. शेवटची चूक मिटवली, दोरा तोडला, चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि टेबलावरून एकदा हात फिरवला. आम्ही हार आणला होता, साहेब बोलले, फोटो झाले. फलक त्याच सुमारास पुन्हा रंगवायचा होता. मी पेंटरला बाजूला घेऊन ‘शाश्वत’च्या खाली बारीक अक्षरात ‘पुरवून वापरू’ लिहायला लावलं. साहेबांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. अजून आहे.

मी टेबलावरच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, लाल दोरे टाकायचे नाहीत. मावशीला नवी उशी भरून द्यायची. वर्ष-दीड वर्षात होईल असा अंदाज होता. पण नवे माग आले होते, धागा तुटला की आपोआप थांबणारे. चेकर काचेवरून तागेच्या तागे सरकवायचा आणि दोरा बांधायची वेळच यायची नाही. टेबलावर आता दोघीच उरल्या होत्या, आणि त्याही अर्धा दिवस दुसऱ्या खात्यात. मी चेकरच्या मागे लागायचे, आज किती? तो म्हणायचा, मॅडम, चूक झाली नाही म्हणून कोणी रागावतं का? दोन वर्षं झाली आणि उशी अर्धीसुद्धा भरेना. वरून कापूस घालू या असं एक जण म्हणाली. मी तिला खाऊ का गिळू केलं.

शेवटी आहे तेवढीच घेऊन आम्ही तिघी गेलो. मावशी आता फारशी उठत नव्हती. गुडघ्यांचं कारण सांगायची, पण चेहराही उतरला होता. अंगानं चिमणीएवढी झाली होती. मी उशी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं सवयीनं दोन्ही हातांनी दाबली आणि बोटं एकमेकांना लागली.

"हलकी हाय गं."

मी ओशाळून सांगायला लागले, दोरेच मिळत नाहीत, नवे माग आलेत, चुकाच होत नाहीत. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग तिचं तोंड असं फुललं, जसं पोरगी पास झाल्यावर आईचं फुलावं. चुका कमी झाल्या म्हणायच्या, म्हणाली. पुन्हा पुन्हा दाबून बघत होती, किती हलकी आहे ते. माझ्या इतक्या वर्षांच्या तक्त्यांत मी कमी झालेल्या गोष्टी लिहिल्या होत्या, पण कमी झालेलं काही तिनं जसं हातात धरलं तसं मी कधी धरलं नव्हतं.

मग तिनं ती अर्धी उशी मधे दुमडली, खाटेवर ठेवली, डोकं टेकवून बघितलं आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाली, "पुरंल मला."

त्यानंतर दोन उन्हाळे ती होती. उशी पुरली तिला.